उजव्या हाताचा तुकडा

१० जानेवारी २०२६, शनिवार

खतवाला दरवर्षी एक डायरी देतो आणि दरवर्षी ती कपाटात कोरी पडून राहते. यंदा लिहायला घेतली आहे, कारण काम तसंच निघालं आहे. तारखा, नंबर, कोण काय म्हणालं, सगळं टिपून ठेवलं पाहिजे. उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर तोंडी बोलण्याला कोण विचारतो?

झालं असं. काल ग्रामपंचायतीत शेतकरी ओळखपत्राचं शिबिर होतं. हे, म्हणजे माझे यजमान दीपेश गावंड, दीड तास रांगेत उभे राहिले. ऑपरेटरने विचारलं, "सर्व्हे नंबर?" यांनी सांगितलं, "उघाडीकडचा तुकडा." "काका, नंबर सांगा." "अहो, धर्मा गावंडाचा तुकडा. पाणखारमध्ये कोणालाही विचारा." ऑपरेटर म्हणाला, मी कोणालाही विचारेन हो, पण हा कॉम्प्युटर विचारत नाही. आणि यांना परत पाठवलं.

(वकील परगावचा असला तर त्याच्यासाठी लिहिते: उघाडी म्हणजे खारबांधातलं दार. ओहोटीला उघडून शेतातलं पाणी खाडीत सोडायचं, भरतीला लावून खाडीला बाहेर ठेवायचं. आमच्याकडे शेतांचे पत्ते तिच्यावरून सांगतात.)

हे न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतात, दोन दोन दिवस घरी नसतात. मामंजी चौऱ्याऐंशी वर्षांचे, जमीन त्यांच्याच नावावर. तेव्हा नंबर शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पडलंच आहे तर एक जुनं दुखणंही निकालात काढायचं मी ठरवलं आहे. सातबाऱ्यावर आमचे एकवीस गुंठे आहेत, हे मामंजींना तोंडपाठ आहे. कागद मात्र केव्हाच गहाळ झाला. २००४ साली यांनी शेत दोरीने मोजलं, तर भरले अठरा. तीन गुंठे गेले कुठे? पाण्याच्या पाटापलीकडच्या सीताराम घरताने बांध कोरून खाल्ले, दुसरं काय! तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. बावीस वर्षं झाली.

सीतारामभाऊजी तीन वर्षांपूर्वी गेले. आता त्या घरात त्यांची बायको तुळसा आणि मुलगा अल्पेश. तुळसा माझ्या माहेरची, काशीदची. हे आपलं सहज लिहून ठेवते, जमिनीशी त्याचा काही संबंध नाही.

११ जानेवारी

सरकारची वेबसाईट उघडली. विभाग निवडा, कोकण. जिल्हा निवडा, रायगड. तालुका, गाव, इथपर्यंत सून म्हणून नांदायला आल्यासारखी मुकाट पुढे गेले. मग सर्व्हे नंबर टाका म्हणाली. अगं बाई, तोच तर तुझ्याकडे मागायला आले! मग कळलं, नावावरूनही शोधता येतं. मग मोबाईल नंबर टाका. मग ती वाकडीतिकडी अक्षरं ओळखून लिहा. सहा वेळा चुकले. सातव्यांदा बरोबर आली तर म्हणाली, वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा.

आमच्या घरात रेंज नसते. मागीलदारी शेवग्याखाली तेवढी चांगली येते, म्हणून मी तिथे पाट टाकून बसते. तिथून तुळसाचं मागचं अंगण दिसतं, त्याला माझा इलाज नाही. ती भांडी घासत होती. हिरवा गाऊन. दोन वेळा खोकली. आले-गवती चहाचा काढा तिला लहानपणीही आवडत नसे, नाक धरून पाजावा लागायचा.

१३ जानेवारी

सापडला! धर्मा पोशा गावंड. सर्व्हे नंबर ४७, हिस्सा ३. क्षेत्र शून्य हेक्टर एकवीस आर. एकवीस! मी शेवग्याखाली टाळी वाजवली, दोन कोंबड्या पळाल्या. लगेच स्क्रीनशॉट काढून यांना पाठवला. यांनी ट्रेलर बाजूला घेऊन फोन केला आणि म्हणाले, "हेमांगी, तू वकील व्हायला हवी होतीस."

मग हात थांबेना. अख्ख्या गावाचे सातबारे फुकट बघायला मिळतात हे आधी कोणी सांगितलं नाही. सरपंचाच्या भावाचं नाव कुठेच नाही, आणि तो गावभर जमीनदार म्हणून मिरवतो. सखुबाईच्या खात्यात तिच्या सहा नणंदा आहेत. दुपारची भाकरी तव्यावर करपली तरी मी हललेच नाही.

असं करता करता चुकून तुळसाचा सातबारा उघडला.

४७/२. अठरा गुंठे. वर लिहिलं होतं (सीताराम गुणाजी घरत), कंसात. कंसात नाव गेलं म्हणजे तो माणूस त्या जमिनीतून गेला. खाली, तुळसा सीताराम घरत. अल्पेश सीताराम घरत. एवढंच.

अठरा म्हणजे आमच्या बाजूने सणसणीत पुरावा. कागदावर अठरा असून ते एकवीस कसतात! मला आनंद व्हायला हवा होता. पण त्या कंसावरून बोट पुढे सरकेना. भाऊजी गेले तेव्हा मी दारातच उभी राहिले होते, उंबऱ्याबाहेर पाय टाकला नाही. तिच्या अंगणात काशीदची चार माणसं आली होती आणि मी, चाळीस पावलांवर, दारात उभी.

तिला वरणात गूळ लागतो. भाऊजींना चालायचा नाही. आता घालत असेल.

१५ जानेवारी

हे घरी आले, मिशीला पीळ देत. सरकारी मोजणीचा अर्ज करायचा म्हणतात. मी म्हटलं, थांबा, वेबसाईटवर नकाशाही आहे. दोघांनी मिळून उघडला. चौकोन, चौकोन, मधून निळी रेघ, तो पाट. आमच्या ४७/३ वर बोट ठेवलं तर त्याचा एक कोपरा आत दबलेला, उंदराने भाकरी कुरतडावी तसा.

आमच्या शेताला असा कोपराच नाही. चारी बाजू सरळ.

"सरकारने चुकीचा काढलाय," हे म्हणाले. मलाही तसंच वाटलं. कॉम्प्युटरला खारातलं काय कळतंय?

१७ जानेवारी

मोबाईल घेऊन शेतावर गेले. वाल काय आलाय यंदा! शेंगांनी वेल वाकलेत. यांनी पाच वर्षं खाऱ्या जमिनीवर ट्रेलरने गोड माती आणून टाकली, तिचं चीज झालं.

नकाशा हातात धरून मी एकदा इकडे तोंड केलं, एकदा तिकडे. मोबाईल उलटा केला. मग स्वतः उलटी झाले. कोपरा सापडला. तो पाटापलीकडे आहे, तुळसाच्या शेतात. तिथे त्यांनी तळं खणलंय, त्यात जिताडे सोडलेत. आणि ती स्वतः तळ्यावर जाळी झाडत होती.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. जाळ्याला म्हणाली, "काय शोधतंय कवापासून मानूस?"

मी पाटातल्या पाण्याला म्हटलं, "रेंज."

तिने जाळं आणखी दोनदा झाडलं. मग जाळ्यालाच म्हणाली, "पुढल्या बांधावर येते. जरा पुढं सरावं मानसान."

मी चार पावलं पुढे सरले. आली खरी. मी काही तिच्यासाठी सरले नाही, रेंजसाठी सरले.

१८ जानेवारी

आज जे कळलं ते सावकाश, नीट लिहिते.

मामंजी ओटीवर बसून जाळ्याची वीण काढत होते. मी विचारलं, मामंजी, आपला तुकडा आपला हे तुम्हाला कोणी सांगितलं? ते म्हणाले, "माज्या बापान. उघाडीकर तोंड करावं, उजव्या हाताचा आपला, डाव्याचा घरतांचा. पोर असतान पाठ केलंय."

मग म्हणाले, खांड गेली त्या साली, म्हणजे बाहेरचा बांध फुटला तेव्हा, खाडी आत आली, तीन वर्षं खार पाण्याखाली. पाणी हटलं तेव्हा आतले बांध मिठासारखे विरघळून गेलेले, कोणाचं कुठलं काही कळेना. तेव्हा ते आणि तुळसाचे सासरे गुणाजी एकत्र गेले. दोघांचे बाप तेच सांगून गेलेले. दोघांनी उघाडीकडे तोंड केलं, उजवा मामंजींनी घेतला, डावा गुणाजीने. भांडण नाही, काही नाही. एकाच फडक्यातली भाकरी दोघांनी खाल्ली आणि घरी आले.

मी विचारलं, "मामंजी, ती उघाडी आत्ता आहे तीच?"

"छा! ती तं वाहून गेली न्हाय का. जुनी मावलतीला व्हती. नवी बांधली ती उगवतीला."

मी उठले आणि त्यांना हाताला धरून अंगणात उभं केलं. मावळतीकडे तोंड केलं, म्हटलं, उजवा हात वर करा. हात गेला उत्तरेला. मग धरून पुरतं वळवलं, उगवतीकडे. म्हटलं, आता उजवा हात. हात गेला दक्षिणेला.

मामंजी हात वर करून तसेच उभे राहिले, बस थांबवल्यासारखे. मग खाली बसले. मला वाटलं, चक्कर आली. पण ते हसत होते. कवळी काढून हातात घेतली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

"म्हंजे गुणाजीचा मी खातंय न माजा गुणाजी खातंय! न बांध कोन कोरतंय? कोनीच न्हाय!"

कोणीच नाही. आमच्या अठरा गुंठ्यांतला वीतभर तुकडाही कोणी खाल्ला नाही. ते अठराच होते, घरतांचे. बावीस वर्षं आम्ही ज्यांना चोर म्हटलं, ते चुकून आमच्या शेतात बसले होते, आणि आम्ही त्यांच्या.

१९ जानेवारी

यांना सांगितलं. आधी विश्वास ठेवला नाही, मग अंगणात उभे राहून स्वतः दोनदा वळून पाहिलं. मग एकदम उसळले, "म्हणजे तो एकवीसचा तुकडा आपला! तळं, जिताडे, सगळं आपलं!"

मी म्हटलं, आणि आपला वाल?

गोड माती, पाच वर्षांचे ट्रेलर, सगळं तुळसाच्या सातबाऱ्यात. यांचं तोंड बघण्यासारखं झालं. मग दबक्या आवाजात म्हणाले, "कोणाला सांगू नकोस. ती वेबसाईट बंद कर."

वेबसाईट बंद करायला ती काय आपल्या घरातला टीव्ही आहे? सगळ्या महाराष्ट्राला दिसतेय ती!

पण खरं सांगायचं तर मलाही भीती वाटते आहे. सांगितलं तर अल्पेश उद्या सातबारा घेऊन उभा राहील, आमचं शेत मागेल, आणि कागदाने ते त्याचंच आहे. नाही सांगितलं तर... नाही सांगितलं तर काय, चाललंय तसं चालेल. तुळसा आज दिसली नाही. दोनदा पाट टाकून बसले. रेंज छान होती.

२२ जानेवारी

जाऊन आले.

यांना सांगितलं नाही. सकाळी पाट उचलला आणि शेवग्याखाली बसायच्या ऐवजी तसाच घेऊन कुंपणाच्या फटीतून तिच्या अंगणात गेले. पाट का घेतला होता, कोण जाणे. ती तांदूळ निवडत होती. मला बघून तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मी पाट टाकला, बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: उघाडी, मावळत, उगवत, उजवा हात, ४७/२, ४७/३, आणि हेही, की आमचा वाल कागदाने तुझा आहे.

शेवटचं वाक्य बोलताना मला वाटलं, झालं, आता शेत गेलं. पण परत घ्यावंसं वाटलं नाही.

तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हंजे यान्ही बांधाला हात लावला नव्हता?"

मी म्हटलं, "नव्हता."

"मरायच्या आदल्या दिशी पन बोलत व्हता. तुलसे, मी न्हाय कोरला. मी बोलले, मना ठावं हाय. पन मना तरी कुठं ठावं व्हतं, गो? मना पन कदी कदी वाटाचं, असंल कोरला."

मग ती रडली. मीही रडले. माफी मागायची असं घरून ठरवून गेले होते, वाक्यही जुळवलं होतं, त्यातला एक शब्द आठवला नाही. नुसती "तुळसे, तुळसे" करत राहिले. तिने पदराने आधी माझं नाक पुसलं, मग स्वतःचं, आणि म्हणाली, "पुरं झालं, रंगू."

रंगू! हेमांगी हे सासरचं नाव, लग्नात तांदळात लिहिलेलं. माहेरी मी रंगू. आई गेल्यापासून त्या नावाने हाक मारणारं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि ते चाळीस पावलांवर राहत होतं. मला इतका आनंद झाला की मी पाटावरून उठून पुन्हा पाटावर बसले.

मी म्हटलं, खोकल्याचं काय ते बघ आधी, दहा-बारा दिवस ऐकतेय. तर हसायला लागली. "खोकला कनचा? तू मोबाईलमधशी मान वर करत नव्हतीस, म्हनून खोकायची."

तेवढ्यात अल्पेश आला. तो एका गोदामात सुपरवायझर आहे, बोलणं मोजून मापून. त्याने सगळं ऐकलं आणि त्याचं तोंड परवा यांचं झालं होतं तस्संच झालं. "मावशी, म्हणजे माझं तळं तुमचं?"

तुळसा म्हणाली, "व्हय. न तिचा वाल तुजा. जा, उपट." त्याने वाल कधी लावलेला नाही. आणि आमच्या घरात जिताडा खायला सगळे पुढे, पाळायला कोणी नाही.

चहा दोनदा झाला. एकदा तिने केला, एकदा मी केला, तिच्या चुलीवर. साखरेचा डबा तिथेच आहे, जिथे २००४ साली होता.

२३ जानेवारी

यांना कळलं. अल्पेश स्वतःच येऊन अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "काका, जे ज्याच्याकडे आहे ते त्याच्याकडेच राहू दे. फक्त कागद सरळ करू." यांनी मोठ्या मनाने विचार केल्यासारखा चेहरा केला, जणू काही त्यांनाच सुचलं. मग दोघं मिळून वाल बघायला गेले.

संध्याकाळी हे म्हणाले, "वहिनींना जाऊन भेटून येतो." गेले. अर्ध्या तासाने परत आले, डोळे लाल. काय बोलणं झालं विचारलं, तर म्हणाले, "जिताड्यांबद्दल." मी पुढे विचारलं नाही.

२८ जानेवारी, बुधवार

तलाठी मॅडमकडे गेलो, दोन्ही घरं एका रिक्षात. मॅडमनी आधी विचारलं, भांडण कशाचं? आम्ही म्हटलं, भांडण मिटलं. त्या म्हणाल्या, मिटलेलं भांडण घेऊन माझ्याकडे कोणी येत नाही. सगळं ऐकल्यावर मात्र खुर्चीत सरळ बसल्या. म्हणाल्या, याच्यासाठीच सरकारची सलोखा योजना आहे. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, तर अदलाबदलीचा दस्त नाममात्र शुल्कात होतो.

अट एक. दोघांचा असा ताबा निदान बारा वर्षांचा हवा, आणि तो पंचनाम्यात सिद्ध झाला पाहिजे. शेजारचे खातेदार काय सांगतात, कागद काय आहेत, ते बघणार.

परतताना हे काळजीत. "कागद कुठून आणायचे? आपण कधी काय लिहून ठेवलंय?"

६ फेब्रुवारी

असा दिवस पुन्हा होणे नाही.

मॅडम पंचनाम्याला बांधावर आल्या. शेजारची खातेदार म्हणून सखुबाई. वय अठ्ठ्याहत्तर, ऐकू कमी, बोलणं जास्त. मॅडमनी विचारलं, आजी, या दोन शेतांत कोण कोण कसतं, आणि किती वर्षं, हे सांगू शकाल?

सखुबाई म्हणाली, "बाय माजे, बावीस वरसां ही दोन घरां या बांधावर उभी रावून येकमेकांना शिव्या देतान. हा हिकरशी, तो तिकरशी. कदी हा तिकर गेला न्हाय, कदी तो हिकर आला न्हाय. यापरीस आनखी काय सांगू?"

मॅडमनी पेन थांबवलं. म्हणाल्या, "याचं काही लेखी?"

तर हे पिशवीतून गठ्ठा काढतात! पोलिस ठाण्यात दिलेले तक्रारअर्ज, पोच शिक्क्यासकट. २००४, २००७, २०११, २०१६. प्रत्येकात यांच्याच हस्ताक्षरात, "माझ्या ताब्यातील पाटाच्या दक्षिणेकडील शेताचा बांध समोरील सीताराम गुणाजी घरत यांनी त्यांच्या ताब्यातील उत्तरेकडील शेतातून कोरला असून..." दिशा, ताबा, तारीख, सगळं! हे बघून अल्पेश घरी पळाला आणि तसाच गठ्ठा घेऊन आला. त्याच्या वडिलांचे उलट अर्ज. शिवाय गावच्या तंटामुक्ती समितीच्या बैठकांचे कागद, सात बैठका, दोन्ही घरं हजर, तोडगा निघाला नाही.

मॅडम एकेक कागद वाचत गेल्या आणि ओठ दाबत गेल्या. शेवटी त्यांना राहवेना. बांधावर बसून हसल्या. म्हणाल्या, "माझ्या नोकरीत इतका भक्कम ताबा मी पाहिला नाही."

मामंजींना खुर्ची नेऊन दिली होती. ते मॅडमना म्हणाले, "आमी भांडलो म्हनून काम झालं, लिवा तसं." लिहिलं नाही त्यांनी. सह्या झाल्या. सखुबाईचा अंगठा झाला.

मग तिथेच पोपटी लावली. आमच्या वालाच्या शेंगा, त्यांच्या परसातला भांबुर्डीचा पाला, कोंबडी आमची, अंडी त्यांची. मडकं उलटं करून जाळ कोण लावणार यावर यांची आणि अल्पेशची जुंपली. सगळ्यांचे हात थांबले. मग तेच दोघे हसायला लागले, आणि मडकं तुळसाने लावलं. मॅडम थांबल्या नाहीत, सरकारी माणूस, पण एक पुडकं बांधून नेलं.

यांनी मला शेंगा सोलून दिल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

१५ फेब्रुवारी

बरेच दिवस लिहिलं नाही. वेळ होत नाही. दुपारी मी तिकडे असते किंवा ती इकडे.

हिरवा गाऊन तिने मला दिला. मला होत नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दस्त करायला तालुक्याला गेलो. मामंजींना पांढरा सदरा, तुळसाला मी माझी मोरपंखी साडी नेसवली. सकाळी दहाला नंबर लावला. बाकावर आम्ही दोघी शेजारी बसलो आणि बोलत सुटलो. अल्पेशच्या दहावीपासून सुरुवात केली. माझ्या प्राप्तीचं लग्न मी तिला पहिल्यापासून सांगितलं, हळदीच्या मांडवापासून. त्या दिवशी ती तिच्या माजघरात बसून धवले, लग्नातली बायकांची गाणी, ऐकत होती आणि एका धवल्यात बायका चुकल्या तेव्हा तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, म्हणे. मग तिने भाऊजींचं आजारपण सांगितलं. ते मी ऐकलं, तिचा हात धरून, पुरतं.

दोन वाजता आतून माणूस आला आणि म्हणाला, नेट गेलं, आज दस्त होणार नाही, उद्या या. सगळं ऑफिस करवादलं. यांनी कपाळाला हात लावला, अल्पेशची सुट्टी फुकट गेली. आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. तुळसा माझ्या कानात म्हणाली, "बरां झालां गो. वारल्यानंतरचं अजून राह्यलंय सांगाचं."

२५ फेब्रुवारी, बुधवार

आज नेट होतं.

मामंजींचा अंगठा, तुळसाची सही, अल्पेशची सही, फोटो. मग साहेब म्हणाले, ओळख देणारे कोण? दस्त करणाऱ्याला व्यक्तिशः ओळखणारी माणसं लागतात, ती सही करतात. आमच्याकडून भाऊबंद आले होते. घरतांकडून अल्पेशचे दोन मित्र आले होते, चांगले इस्त्रीचे शर्ट घालून. तुळसा म्हणाली, "माजी वळख रंगू देल."

हे म्हणाले, अहो वहिनी, समोरच्या पार्टीचं माणूस कसं चालेल? साहेब म्हणाले, ओळखत असतील तर चालेल. एका मित्राला खुर्चीतून उठवलं आणि मी टेबलापुढे गेले. आधार कार्ड दिलं.

"या बाईंना तुम्ही व्यक्तिशः ओळखता?"

"हो."

"किती वर्षांपासून?"

साधा प्रश्न. मी म्हटलं, साहेब, पहिलीपासून. काशीदच्या शाळेत. सहा वर्षांच्या होतो. मग लग्नं होऊन एकाच वर्षी इथे आलो. मग... आणि त्या 'मग'पाशी माझं तोंड अडकलं. त्यांच्यापुढे रांग होती, ते घड्याळ बघत होते. ते म्हणाले, "म्हणजे चाळीस वर्षं?"

मी खोट्यावर सही करणार नव्हते. मी म्हटलं, "साहेब, त्यातली बावीस वजा करा. तेव्हा आमचं भांडण होतं."

तुळसा पुढे आली. टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि साहेबांना म्हणाली, "काय वजा करू नका. चालीस धरा. भांडन काय वळख नसलेल्या मानसाशी करतान?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "चाळीस." आणि कागद माझ्याकडे सरकवला.

मी सही केली.